आमची बेकारमुक्त चाळ

घाटकोपर

तीर्थस्वरूप सहदेवमामास,

सुयोगचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? मामीची कोकमं वाळली का? (फोनच केला असता, पण तू स्पीकरवर बोलतोस आणि आमच्या घरचं अख्ख्या वाडीला समजतं.) आम्ही मजेत आहोत, असं आईने लिहायला सांगितलंय.

कंपनीने मला घरी बसवल्याला वर्ष होत आलं, हे तुला ठाऊक आहेच. आणि तू आणलेलं मुलुंडच्या अक्षताचं स्थळ अजून तळ्यात-मळ्यात आहे, हेही. मुलगी मला भयंकर आवडलीये रे! तिच्याकडची माणसं चौकशीला कधीही टपकतील म्हणून आई कायम दबा धरून. अशात खांद्याला पिशवी लावलेली एक बाई आली. घरात माणसं किती, कमावतं कोण, मुलगा काय करतो... हे ऐकल्यावर आईला दुसरं काय वाटणार? तिने पोहे पुढे करून मला थेट मॅनेजर केलं. बाई शेजारी शिरली, तशी आईने गॅलरीतून सगळ्यांना खूण केली. झालं! लग्नाचा मुलगा घरोघरी आहेच. शेजारचा प्रांजल इंजिनियर झाला. देवेश (जो ऊन डोक्यावर आल्याशिवाय अंथरूण सोडत नाही) साकीनाक्याला कारखाना चालवायला लागला.

बाईला पाठवलं होतं निवडणुकीच्या सत्ताधारी उमेदवाराने, बेकार मोजायला! आम्हाला कळेपर्यंत वाट लागली होती. तो आमच्याच पटांगणात उभा राहून गरजला, की या भागात बेकार औषधालाही सापडणार नाही. (टाळ्या आम्हीच वाजवल्या, नंतर वडापाव होता.) आणि त्यानेच कबूल केलेला रोजगार मेळावा, बेकारच नाहीत म्हणून, रद्द! लगेच विरोधी उमेदवार आला. त्याच्या आकड्यात चाळीत राहतात त्याहून जास्त बेकार. म्हणजे बघ ना, मी कामाला लागलो काय, सुटलो काय, आणि दोन्ही वेळा मी घरात लसूण सोलत होतो.

मेळावा बुडाला म्हणून चाळीने आईला धारेवर धरलं. ती बिचारी रडकुंडीला आली. यापुढे कोणी विचारलं तर खरं तेच सांगीन, अशी देवापुढे शपथ घेतलीन. तुझ्या बहिणीचा स्वभाव तुला माहीत आहे.

बाकी ठीक. मामीला नमस्कार.

तुझा भाचा,
सुयोग

ता. क. – आता खरं कारण. काल काखेत बॅग मारलेले एक गृहस्थ आले. घरात माणसं किती, मुलगा काय करतो... आईने पाणीसुद्धा विचारलं नाही. “वर्षभर घरी बसलाय. लिहा! ठळक लिहा!” ते अक्षताचे काका होते. मामा, पत्र मिळताच त्यांना फोन कर आणि मला नोकरी आहे म्हणून सांग.

ता. ता. क. – तुला खोटं बोलायला लावत नाहीये. आज सकाळीच लागलीये, विरोधी उमेदवाराच्या ऑफिसात, बेकारांतर्फे घोषणा द्यायला. फक्त साखरपुडा मतदानाच्या आधी उरकून घे.