ट्रॅम्पोलीन पाहत फिरल्यावरून काढून घेतलेल्या सांताक्लॉजपदाबाबत

(गोपनीय. पाकीट उघडताना दहा वर्षांखालील कुणी जवळपास नाही याची खात्री करून घ्यावी, ही विनंती.)

प्रति,
मा. समाजकार्य व उत्सव अधिकारी,
टॅराबिन नगरपरिषद,
टॅराबिन, दक्षिण ऑस्ट्रेलिया.

अर्जदार : डग्लस ट्रेझाइस, वय ६७, धान्यकोठारावरील सेवानिवृत्त वजनकाटा कारकून, रा. सायलो रोड, टॅराबिन.

विषय : नाताळच्या आदल्या संध्याकाळी निघणाऱ्या खाऊफेरीत अर्जदारास अग्निशमन गाडीत बसण्यास जागा मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले स्थगितीचे पत्र. २) 'टॅराबिन पहारा' या फेसबुक पानावरील चित्रफीत. ती आपण पाहिली असेलच. अर्जदाराच्या, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला डार्विन शहरात राहणाऱ्या साडूनेही पाहिली आहे.

महोदया,

सविनय सादर करण्यात येते की, आपल्या गावात दरवर्षी २४ डिसेंबरला सांताक्लॉज अग्निशमन दलाच्या लाल गाडीच्या टपावर बसून गल्लोगल्ली फिरतो आणि फाटकाशी उभ्या असलेल्या पोरांकडे गोळ्या-चॉकलेटे फेकतो. टपावरचा माणूस कोण, हे दलाचे कप्तान कॉलिन, आपण आणि ठाण्याच्या सार्जंट फिओना मॅकार्डल एवढ्यांनाच ठाऊक असते. बाकी कुणाला सांगायचे नाही, बायकोलाही नाही, अशी शपथ पाण्याच्या पाइपवर हात ठेवून घ्यावी लागते. अर्जदाराने ती नऊ वर्षांपूर्वी घेतली. अर्जदाराच्या पत्नी नोरीन यांना त्यामुळे अधिकृतरीत्या काहीच माहीत नाही. त्या दर जानेवारीत लाल विजार धुतात आणि बाहेरच्या दोरीवर न घालता न्हाणीघरात वाळत घालतात, एवढेच.

गेल्या वर्षी फेरीत दोन घोळ झाले. मैदानामागच्या नव्या वसाहतीत गाडी गेलीच नाही आणि तिथली पोरे अंधार पडेपर्यंत फाटकावर लोंबकळत राहिली. शिवाय आपला डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा, त्या उन्हाने चॉकलेटांचा रस्सा झाला. एक तर पाद्र्यांच्या पांढऱ्या शर्टावर बसले. म्हणून यंदा कप्तान कॉलिन यांनी अर्जदारास आधी पाहणी करून ठेवण्यास सांगितले. "कुठे पोरं आहेत ते बघून ठेव," असे त्यांचे शब्द होते. ते आता मागे वळून पाहता बरे वाटत नाहीत, पण तेव्हा कुणालाच खटकले नव्हते.

आता घरात पोर आहे की नाही हे दार वाजवून विचारावे, तर गुपित फुटते. अर्जदाराने त्यावर उपाय काढला. ज्या परसात ट्रॅम्पोलीन, म्हणजे पोरांची उड्या मारायची जाळी, त्या घरात पोर. परंतु टॅराबिनमधली पत्र्याची कुंपणे माणसाच्या उंचीपेक्षा जास्त असल्याने दर घरापाशी गाडी थांबवून, पायरीवर चढून, टाचा उंचावून पाहणे भाग पडले. त्याच फेरीत कोणते चॉकलेट उन्हात टिकते याची चाचणी म्हणून गाडीच्या काचेखाली सगळे प्रकार ओळीने मांडले होते. आणि सांताच्या खोट्या दाढीला डांबरगोळ्यांचा वास मारत असल्याने ती हवा लागावी म्हणून शेजारच्या सीटला अडकवली होती. जमाखर्च मांडायची सवय असलेल्या माणसाने एकदा तरी या सगळ्याची बेरीज करून पाहायला हवी होती, हे अर्जदार कबूल करतो.

ती बेरीज श्रीमती शेरिली बोकमान यांनी केली. मुख्य रस्त्यावरचे केस कापण्याचे दुकान त्यांचेच, आणि लहान मुलांवर वाईट नजर ठेवणाऱ्यांना पकडण्यासाठी काढलेले 'टॅराबिन पहारा' हे पानही त्यांचेच. नव्या वसाहतीत त्यांनी आपली गाडी अर्जदाराच्या गाडीला आडवी घातली, फोन समोर धरला आणि थेट प्रक्षेपण सुरू केले. मागच्या सीटवर त्यांची सहा वर्षांची नात टिली होती आणि तिने मान खिडकीबाहेर काढली होती. झालेले बोलणे चित्रफितीत आहेच. तरी नोंदीसाठी खाली देत आहे.

"डग ट्रेझाइस, लोकांच्या कुंपणावरून काय बघतोयस?"

"ट्रॅम्पोलीन."

"कशाला?"

येथे अर्जदाराने टिलीकडे पाहिले. टिलीने अर्जदाराकडे पाहिले. तिचा पुढचा एक दात पडला होता आणि ती हसत होती.

"मुलांसमोर सांगता येत नाही."

"असं? आणि ही चॉकलेटं कुणासाठी?"

"तेही नाही सांगता येत."

"ही दाढी कुणाची?"

"नगरपरिषदेची."

महोदया, यातला एकही शब्द खोटा नाही. अर्जदार आयुष्यभर वजनकाट्यावर बसला. तिथे खरे बोलले की माणूस सुटतो असा त्याचा समज होता. तो संध्याकाळपर्यंत टिकला. रात्री साडूचा फोन आला, "अरे, तुझी नगरपरिषद दाढ्या पण वाटते का?"

सार्जंट मॅकार्डल यांनी दुसऱ्या दिवशी अर्जदारास ठाण्यात बोलावले. चौकशी चहा गार होण्याच्या आत आटोपली. "बसा हो डग. दोन वर्षं तुमच्या गाडीवर मी सांताचं हरीण झालेय, मी काय विचारू तुम्हाला," असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी श्रीमती बोकमान यांना कळवले की, चौकशी झाली, त्यात काही निघाले नाही.

"का नाही निघालं?" श्रीमती बोकमान यांनी विचारले.

"ते सांगता येत नाही."

त्या रात्री पानावर मोठ्या अक्षरांत मजकूर आला की, पोलीसही सांगत नाहीत, म्हणजे प्रकरण वरपर्यंत गेले आहे.

पुढे काय झाले ते थोडक्यात. बोलिंग क्लबात अर्जदाराच्या बाकावरचे लोक एकेक करून उन्हात जाऊन उभे राहिले, आणि ऊन साधे नव्हते. खाटीक सॉसेज बांधून देताना म्हणाला, "मी काही मानत नाही डग, पण आत कशाला येतोस, बाहेरूनच हाक मार." अर्जदाराची सून मात्र फोनवर बराच वेळ हवापाण्याचे बोलत राहिली आणि शेवटी म्हणाली, "बाबा, शाळेच्या नाताळच्या नाटकाला या वेळी नाही आलात तर चालेल का? तुम्ही तसे नाही, आम्हाला माहितीये हो. पण तिथे बाकीचे पालक असतात." अर्जदार म्हणाला, चालेल. त्या नाटकात त्याची नात मेंढी झाली होती. ती चांगली झाली असे कळते.

यानंतर आपले स्थगितीचे पत्र आले. जनभावना निवळेपर्यंत हंगामी मानद पद स्थगित, आणि निर्दोष असल्याचा पोलिसांचा लेखी दाखला जोडल्यास फेरविचार होईल, असे त्यात म्हटले आहे. अर्जदार दाखला मागण्यास ठाण्यात गेला. सार्जंट म्हणाल्या, "गुन्हाच नोंदलेला नाही, तर निर्दोष कशातून लिहू?" गुन्हा नोंदवून घेता येईल का, असे अर्जदाराने विचारले. त्यांनी पुन्हा चहा दिला. अर्जदाराकडे मुलांमध्ये काम करण्यास लागणारा चारित्र्य पडताळणीचा दाखला आहेच. पण त्यावर तो कोणत्या कामासाठी काढला हे छापलेले असल्याने तो गावात कुणाला दाखवता येत नाही.

मधल्या काळात पान स्वस्थ बसले नाही. पाण्याचे मीटर वाचणारा सावकाश चालतो म्हणून त्याची चित्रफीत आली. फिरत्या वाचनालयाच्या चालकाची आली, कारण त्याच्या गाडीवर ससे रंगवलेले आहेत. पोहण्याच्या तलावाबाहेर दोन गाड्या काचा वर करून उभ्या आढळल्या, तेव्हा दोन्ही गाड्यांतल्यांनी एकमेकांचे प्रक्षेपण सुरू केले. दोघेही पानाचेच पहारेकरी निघाले. दोघांनीही आपापली चित्रफीत अजून काढलेली नाही. दोघांचेही म्हणणे आहे की दुसऱ्याने आधी काढावी.

मग आपण अर्जदाराच्या जागी नवा सांताक्लॉज नेमला, श्री. ट्रेव्हर बोकमान. निवड उत्तम आहे. पोट त्यांचे स्वतःचे आहे. परंतु ते श्रीमती शेरिली यांचे पती, आणि शपथ बायकोलाही न सांगण्याची. नवी वसाहत पाहायची राहिलीच होती, म्हणून गेल्या रविवारी श्री. ट्रेव्हर कुंपणावर चढले. पानाच्या एका तरुण पहारेकऱ्याने त्यांना वर ड्रोन उडवून गाठले आणि मग स्वतः येऊन विचारले. श्री. ट्रेव्हर कुंपणावरून उतरले. मग त्यांना एवढेच सुचले, "मुलांसमोर सांगता येत नाही." तिथे मूल एकही नव्हते. श्रीमती बोकमान हे दुकानात एका गिऱ्हाईकाचे डोके अर्धे रंगवून झालेले असताना थेट पाहत होत्या.

अखेर कप्तान कॉलिन यांना श्रीमती बोकमान यांस सगळे सांगावे लागले, आणि सांगण्याआधी नियमाप्रमाणे शपथ द्यावी लागली. आता श्रीमती बोकमान यांना खरे काय ते ठाऊक आहे, आणि ठाऊक असल्यामुळेच लिहिता येत नाही. त्यांनी पानावर मजकूर टाकला, "डग ट्रेझाइस आणि माझा नवरा निर्दोष आहेत. कारण सांगता येत नाही." त्यावर त्यांच्याच अनुयायांनी त्यांना किती पैसे मिळाले असे विचारले. एकाने त्यांच्या दुकानाचे चित्र टाकून लिहिले की, इथे लहान मुलांचेही केस कापतात, लक्ष ठेवा.

महोदया, इथवर अर्जदारही हसला आहे. पुढच्या गोष्टीत हसण्यासारखे काही नाही, म्हणून ती वेगळी लिहीत आहे. अर्जदाराच्या शेजारी एक आई राहते. तिच्या बारा वर्षांच्या मुलीला एका खेळाच्या ॲपवर कुणी अनोळखी माणूस निरोप पाठवत होता. आधी कौतुकाचे, मग आईला दाखवू नकोस म्हणून. आईला ते दिसले. ती ठाण्यात गेली नाही, पानाकडे गेली, कारण ठाण्यात रांग होती. रांगेत वाचनालयाचा चालक, मीटरवाला आणि एकमेकांविरुद्ध तक्रारी घेऊन आलेले दोन पहारेकरी होते. पानाने रात्रीच्या जेवणाच्या वेळेला त्या माणसाचे खोटे नाव आणि सगळे निरोप छापले. शेकडो लोकांनी त्याला शिव्या दिल्या. सकाळपर्यंत त्याने खाते पुसून टाकले आणि तो गेला, कुठे ते कुणालाच ठाऊक नाही. "सगळे एक दिवस गप्प राहिले असते, तर मी त्याला गाठला असता," एवढेच सार्जंट म्हणाल्या. ती मुलगी आता आईलाही फोन दाखवत नाही. तिचे निरोप सगळ्या गावाने वाचले आहेत.

हे कळल्यावर श्रीमती बोकमान अर्जदाराच्या व्हरांड्यात आल्या. फोन गाडीत ठेवून आल्या होत्या. हात रिकामे कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हते.

"मी माफी मागायला आलेली नाही," त्या म्हणाल्या.

"बरं. बस."

"पोरांसाठीच करत होते मी, डग."

"ठाऊक आहे."

"मग तेव्हा हळूच कानात सांगायचंस ना मला."

"तुझ्या हातात फोन होता, शेरिली. कानात सांगितलं असतं तर डार्विनला ऐकू गेलं असतं."

त्या म्हणाल्या, "आता काय करायचं? काहीही लिहिलं तरी लोक उलटंच वाचतात."

त्यावर दोघांनी बसून विचार केला, नोरीनने केक कापला, आणि त्यातून हा अर्ज निघाला. पद परत मिळावे असा अर्ज अर्जदाराने आधी लिहिला होता, तो फाडला. दाढीमागे बसलेला माणूस कोण हे गावाला कळतच नाही, तेव्हा टपावर बसून अर्जदाराच्या तोंडाला लागलेले काळे निघणार नाही. पोरे सांताक्लॉजला हात करतील, डग ट्रेझाइसला करणार नाहीत. टपावर श्री. ट्रेव्हर यांनीच बसावे. त्यांना दाढी जास्त शोभते.

तरी अर्जदाराची विनंती एवढीच आहे की, २४ तारखेला गाडीच्या पुढच्या भागात, चालकाशेजारच्या खिडकीत, स्वतःच्या चेहऱ्याने, स्वच्छ दाढी करून बसण्याची परवानगी मिळावी. आणि गाडी चालवण्याचे काम श्रीमती शेरिली बोकमान यांस द्यावे; त्यांच्याकडे जड वाहनाचा परवाना आहे. कुणी काही जाहीर करू नये, पत्रक काढू नये, पानावर काही टाकू नये. गाडी दर फाटकाशी थांबेल आणि लोकांना आरोप करणारी आणि ज्याच्यावर केला तो, असे दोघे एकाच काचेमागे घामाघूम बसलेले दिसतील. सुनेच्या घरापाशी गाडी थोडी जास्त थांबवू, असे श्रीमती बोकमान यांनी स्वतःहून सांगितले आहे.

आपल्या उत्तराची उन्हात वाट पाहणारा, तूर्त बिनदाढीचा,

डग्लस ट्रेझाइस
सायलो रोड, टॅराबिन
दि. १४ डिसेंबर

सोबत :
१) चारित्र्य पडताळणीचा दाखला (पाहून पाकीट पुन्हा बंद करावे).
२) उन्हात टिकलेल्या गोळीचा नमुना. श्री. ट्रेव्हर यांस द्यावा.
३) जड वाहनाच्या परवान्याची प्रत व श्रीमती शेरिली बोकमान यांचे संमतिपत्र. त्यातील मजकूर : "गाडी मी चालवीन. डगने शेजारी बसून गिअर कधी बदलायचा ते सांगायचं नाही. पहिली सुरुवात माझ्या दुकानापासून करावी, तिथे सगळे बघायला उभे असतात."