शनिवारच्या गाडीची पडताळणी

कात्रज, पुणे
गुरुवार

ती. रंगरावमामांना,
तुमच्या सत्यशीलाचा सप्रेम जय भीम.

इकडे आम्ही सगळे खुशाल. तुम्ही मात्र भयंकर रागावलेले आहात, असं मामींकडून कळलं. गुडघा कसा आहे? तेल चोळता ना? राग माझ्यावर आहे, तो तेलावर काढू नका. फोन तुम्ही उचलत नाही, घरच्या ग्रुपमधून बाहेर पडलात, आणि वर निरोप धाडलात की, सत्यशीलाला काय म्हणायचंय ते लेखी दे म्हणावं. देते. सोलापूर स्टँडवर जन्मभर गाड्या पुकारलेल्या माणसाला लेखीच लागणार!

तर मामा, या सगळ्याचं मूळ आमच्या मुख्याध्यापिका विमलाबाई. कसबा पेठेतल्या आमच्या शाळेत यंदा 'माध्यम साक्षरता' नावाचा नवा तास आला. म्हणजे मोबाइलवर येणारी बातमी, फोटो, व्हिडिओ खरा की खोटा, कोणी आणि का पाठवला, हे मुलांनी शोधायचं. नुसते शब्द वाचायचे नाहीत. चित्र, रंग, आवाज, सगळंच वाचायचं. तास कोणी घ्यायचा म्हटल्यावर स्टाफरूममध्ये सगळे एकदम वह्या तपासायला लागले. विमलाबाई म्हणाल्या, "सत्यशीलाताई, प्रोजेक्टर तुमच्याच हातून चालू होतो, तेव्हा तास तुमचाच." (पुण्यात पात्रता अशीच ठरते. प्रोजेक्टरही काही गुणाचा नाही, त्यात सगळी माणसं निळी दिसतात.)

आता शिकवायला खोट्या बातम्या आणायच्या कुठून? मी म्हटलं, बाहेर कशाला हिंडायचं, घरात रंगरावमामा आहेत. रागावू नका, पण उभ्याने पाणी प्यायल्याने गुडघे गंजतात हे तुम्हीच पाठवलंत. कात्रजच्या घाटात बिबट्या बसलाय हा फोटोही तुमचाच. त्यात मागच्या डोंगरावर बर्फ होतं, मामा! पोरांनी तुमच्या मेसेजांवर इतका अभ्यास केला की, आता वर्गात कोणी थाप मारली तर 'ए, रंगराव नको सोडूस' असं म्हणतात. (हे लिहायचं नव्हतं. पण पेनाने लिहिते आहे, खोडलं तर तुम्ही उजेडात धरून वाचालच.)

आणि अशात शुक्रवारी रात्री ग्रुपवर तुमचा तो मेसेज आला. उगवता सूर्य, खाली एसटी, त्यावर लाल अक्षरं: 'कृपया लक्ष द्या!!! उद्या सकाळी दहा वाजता पाहुण्यांचे पुण्यनगरीत आगमन होत आहे!!! संबंधितांनी स्वारगेट येथे हजर राहावे!!! हा संदेश सर्वांपर्यंत पोहोचवा!!!' मामा, देवमाणसा, 'मी रंगराव, उद्या येतोय' एवढं लिहायला काय झालं होतं? गाडी पुकारायची सवय निवृत्तीनंतरही सुटेना! मी वाचला, हसले, आणि उद्याच्या तासाला छान झालं म्हणून ठेवून दिला.

शनिवारी सकाळची शाळा. आठवी 'ब'ने तुमच्या मेसेजची पार सालं काढली. पाहुणे कोण? नाव नाही. उद्या म्हणजे कोणता उद्या? तारीख नाही. संबंधित कोण? कळत नाही. दिग्विजय म्हणाला, "मॅडम, तीन-तीन उद्गारचिन्हं म्हणजे हमखास फेक." मग फोटो शोधला, तर गाडी निघाली केरळची! झालं. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'खोटे' लिहिलं आणि टाळ्या पडल्या. एकटी पूर्वा मागच्या बाकावरून म्हणाली, "मॅडम, ज्यांनी पाठवलाय त्यांना फोन करून विचारायचं का?" मी म्हटलं, "बाळा, आपण शास्त्रीय पद्धतीने जातोय." त्याच वेळी तुम्ही स्वारगेटला शेंगाचटणीची पिशवी घेऊन उभे होतात, हे दुपारी मामींच्या फोनवरून कळलं. तुम्हीही एक फोन केला नाहीत. का, तर एकदा पुकारलेली गाडी एका माणसासाठी पुन्हा पुकारत नाहीत! धन्य आहे! चटणी तिथल्या कंट्रोलरला देऊन परतीच्या गाडीत बसलात म्हणे. चटणीचं मला फार लागलं.

पण खरं सांगू? रडले मी त्या दिवशी. मला वाचायला तुम्ही शिकवलंत, तेही स्टँडवर, गाड्यांच्या पाट्यांवरून. 'आधी पाटी वाच, मग कंडक्टरला विचार, मग चढ.' पाटी वाचली, मामा. विचारायचं राहिलं. माझ्या घरी तुम्ही पुन्हा यायचं नाही ठरवलंत तर मी कुणाकडे हट्ट करू? सोडा आता राग.

तुमची भाची,
सत्यशीला

ता.क. ग्रुपमध्ये तेवढं लगेच परत या. पुढच्या आठवड्यात मुलांचं प्रदर्शन आहे आणि तुम्ही गेल्यापासून ग्रुपवर एकही खोटी बातमी आलेली नाही. सगळे नुसतं 'शुभ सकाळ' करतात. भिंती रिकाम्या आहेत हो!

ता.क. दुसरा (शनिवार). पत्र पर्समध्येच राहिलं. (एका वेळी एकाच गोष्टीवर रागवा.) आज तासाला मामींचा मेसेज आला: 'हे गाडीत बसले.' चित्र नाही, सूर्य नाही. दिग्विजय म्हणाला, "हे म्हणजे कोण?" मी सरळ मामींना फोन लावला. त्या म्हणाल्या, "पुण्यालाच निघालेत. या वेळी पुकारायचं नाही म्हणाले, बघू कोणी येतंय का." मामा, सगळी आठवी 'ब' घेऊन मी दुपारी स्वारगेटला आले आहे. (विमलाबाईंनी याला क्षेत्रभेट म्हणून परवानगी दिली.) सोलापूरची गाडी आत्ताच लागली. खिडकीत तुमची टोपी दिसते आहे आणि मी हात करते आहे, पण पूर्वा म्हणते, नुसत्या टोपीवरून ठरवू नका मॅडम, माणूस खाली उतरू दे.