पोलक्याच्या पाठीवर मध्यप्रदेश

जयवंताबाई,

जामसांवलीहून आल्यावर, आज दाखवायसाठी शिवलेलं पोलकं पाहून बोंबलू नका. मी बोंबलून घेतलं.

रेशीम मशीनीखाली लय सरकून राह्यलं होतं, म्हणून खाली पेपर ठेवून शिवलं. शिवण फस्टक्लास आली. मंग पेपर न काढताच पाणी शिंपडून इस्त्रीसाठी निखाऱ्याचा लोटा फिरवला, अन् देवा रे! पाठीवर आतून उलटी बातमी छापली, ‘सौंसर नव्या मध्यप्रदेशात’. रेशीम इतकं पातळ, का बाहेरून सरळ वाचता येते. ताकानं घासलं तरी निघेना. तुमचे बाबा म्हणतेत, "सरकारनं लिहिलेलं तुह्या ताकानं पुसल्या जाते का?"

मी शेजारच्या गुणवंताबाईचं पोलकं मागाले गेली. तिगावचे पाव्हणे आधी आले, त हेच घाला अन् पदर सोडू नका. पोरगा मास्तर आहे, तुम्हाले पाहाचं सोडून पाठ वाचत बसन.

— वहिनी