लाल खडूचे अकरा गोल

लालबाग,
१२ ऑगस्ट १९८४

ती. वन्सं,

तुमच्या पाया पडते, आणि अजून उठलेली नाही. पत्र संपेपर्यंत पुन्हा पडायची वेळ येणार आहे. गुडघे कसे आहेत? माहीमच्या खोलीतली ओल भिंतीतून उतरून गुडघ्यांत शिरली, असं तुम्ही लिहिलं होतंत. एरंडेल चोळता ना? (आळस करत असाल. तुमच्या माहेरचा गुण आहे, मी काही बोलत नाही.)

खरी बातमी अशी की तुमचे भाऊ बोलायला लागले. संप चिघळला, आणि आपली गिरणी आता उघडत नाही हे पक्कं कळलं, तेव्हापासून ते खिडकीशी बसून समोरच्या गिरणीच्या चिमणीकडे बघत असत. चार महिन्यांत 'चहा' आणि 'नको' यांच्यापलीकडे शब्द नाही. (दोन्ही लागोपाठ म्हणाले की तो चहा मी पीत असे.) मी समजावून पाहिलं, भांडून पाहिलं, मोरीत जाऊन रडूनही पाहिलं. भरल्या घरात एकटं वाटणं काय असतं ते मला या वर्षी कळलं. शेवटी महिला मंडळाच्या सुमतीबाईंनी दादरला 'टाकाऊतून टिकाऊ' स्पर्धा ठेवली, त्यात नाव देऊन टाकलं. टाकाऊची आमच्याकडे काय कमी?

भिंतीवर टांगायचं एक चित्र करायला घेतलं, सगळं कापडाचं आणि घरातल्या मोडतोडीचं. आपली चाळ फाटक्या मच्छरदाणीची, गिरणीची चिमणी यांच्या जुन्या छत्रीच्या कापडाची. परकराच्या नाडीची दोरी बांधून तिच्यावर बोटाएवढे कपडे वाळत घातले. खाली झालर लावली ती स्टोव्हच्या जुन्या वातींची. (त्यामुळे चित्राला रॉकेलचा वास येतो. शेजारची गंगुबाई म्हणाली, अगदी आपल्या चाळीसारखाच येतो.) यांच्या खाकी शर्टाचा खिसा चाळीचा दरवाजा झाला. आभाळ कशाचं केलं ते मागाहून सांगते.

आता, बावीस वर्षं फोल्डिंग खात्यात ताग्यामागून तागा तपासलेला माणूस. धागा तुटला, डाग पडला, की तिथे लाल खडूने गोल. तुम्हाला मी काय सांगू? तुमच्या लग्नात अंतरपाटातला दोष दाखवायला यांनी भटजींना थांबवलं होतं. मी भाजी घेऊन आले, तर माझ्या चित्रावर लाल खडूचे अकरा गोल! आणि हे समोर उभे, खडू कानावर.

"चिमणी वाकडी आहे," म्हणाले. चार महिन्यांनी पहिलं वाक्य, आणि ते हे! मला आनंद व्हायला हवा होता, पण मी पिशवीच आपटली. (टोमॅटो होते.) आवाजाने गंगुबाई धावत आली. "अहो भावजी, भिंतीवर लावायचंय ते, नेसायचं नाहीये!"

"भिंतीवर लावलं म्हणून दोष जातो? सेकंड क्वालिटी," एवढं बोलून खाली बसले आणि टोमॅटो गोळा करू लागले.

खडू झटकून जाईना, तेव्हा रागारागाने मी त्या गोलांवरच लाल दोऱ्याने टाके घातले. तर हे शेजारी येऊन बसले. गोल मिटत नाही म्हणाले, गाठ अशी नाही मारायची म्हणाले, सुई हातातून काढून घेतली. वन्सं, त्या दुपारी आम्ही इतके भांडलो की तांदूळ निवडायचे राहिले. मला फार बरं वाटलं.

सुमतीबाईंना ते लाल गोल इतके आवडले की विचारू नका. आम्हाला दुसरा नंबर मिळाला. "मी काय म्हटलं होतं? सेकंड," असं हे मंडळाच्या सगळ्या बायकांसमोर म्हणाले, आणि हसले.

तुमची भावजय,
शेवंता

ता. क. आभाळ तुमच्या लग्नातल्या शालूचं आहे, आमच्या ट्रंकेत ठेवायला दिलेल्या. त्याला कसर लागली होती. (एकाच कोपऱ्याला. खोटं लिहवत नाही.) ही पाहा, पुन्हा पाया पडले.

ता. क. २. खरं काम आता सांगते. ते अकरा दोष माझे होते, पण त्यानंतर गंगुबाईचा पडदा केला, बालवाडीची गोधडी केली, त्यांतले सगळे मी मुद्दाम घातले. दोष दिसला की हे उठून येतात, बोलतात, जेवतातही दोन घास जास्त. पण आता माझा हातच सुधारलाय, चुका सुचत नाहीत. तुमची ती टाके निघालेली गोधडी पाठवून द्या. यांना काही कळू देऊ नका.

ता. क. ३. दूध उतू जात होतं म्हणून पत्र उघडंच टाकून उठले होते. आत्ता येऊन बघते तर वरच्या 'मुद्दाम' शब्दाभोवती लाल गोल, आणि समासात यांचं अक्षर: 'ठाऊक होतं. आपोआप झालेला दोष कुठेही येतो. हिचे दर वीतभर अंतरावर येतात.'

त्याखाली अजून एक ओळ आहे: 'ताई, गोधडी लवकर पाठव.'