दुसरी तारीख

२ फेब्रुवारी
आज संहितानं तिच्या घराच्या उंबऱ्यात मला बूट-मोजे काढायला लावले आणि त्या क्षणापासून आयुष्यच बदललं. तिच्यासाठी पुण्यातलं इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं, बाबांशी कडाक्यानं भांडलो, आणि इथे कानडी मुलखात, चामराजपेटेत, तिच्या घरी राहायला आलो. तिच्या आत्यानं, अनुसूयाअक्कांनी, स्वतः माझे पाय धुतले. एकेक बोट वेगळं करून पुसलं. जावयाचा मान, म्हणे. तिचे वडील नरसिंहराव म्हणाले, नोकरीचं बघू सावकाश, आधी स्वल्प जेवून घ्या.

५ फेब्रुवारी
साखरपुडा सोळाला ठरला. कॉलेज सोडलेल्या पोराला एवढ्या घाईनं मुलगी कोण देतं? अक्का रोज विचारतात, तुमच्यात कुणाची बोटं जुळलेली होती का. यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या मामा-भाचीची लग्नं. आता बाहेरचं रक्त हवंय, संहिता हसत म्हणाली. डोकं फिरलं. तिनं हात धरला, राग गेला.

९ फेब्रुवारी
वरच्या खोलीत धपधप. अडगळ आहे, उंदीर असतील, असं संहिता म्हणाली. भरदुपारी कुलूप तोडलं. आत तिचा थोरला भाऊ मल्हार. हातांची बोटं जुळलेली, पाय आत वळलेले, बोलता येत नाही. मला बघून खळखळून हसला. भिंतीवर डॉक्टरांचा कागद : दुर्मिळ जनुकीय आजार, मेंदूची नि हातापायांची घडण गर्भातच बिघडते. यात लपवायचं काय? मी भडकलो. नरसिंहराव म्हणाले, सरी, ठीक आहे, सोळानंतर बोलू.

१२ फेब्रुवारी
मल्हारला केळं भरवायला गेलो. कॉटखाली ट्रंक. या घरात तान्ह्या मुलाच्या पावलांचे कुंकवाचे ठसे कापडावर घेतात. सात कापडं. सगळ्यांवर जुळलेली बोटं. खाली जन्माची तारीख, मग दुसरी तारीख. सहा जणांची दुसरी बरोबर बाराव्या दिवसाची. मल्हारची तेवढी कोरी.
अक्कांना विचारलं. भाजी निवडत म्हणाल्या, मल्हारच्या आईनं तेव्हा याला मांडीवरून खाली ठेवलंच नाही, म्हणून हा जगला. आई आता नाही.

१४ फेब्रुवारी
मल्हारच्या कापडावरची कोरी जागा भरलीय. १६ फेब्रुवारी. साखरपुड्याचाच दिवस — आणि अक्षर — हे वळण मी ओळखतो, संहिताची सगळी पत्रं माझ्या बॅगेत —

१५ फेब्रुवारी
सकाळीच तिला कापड दाखवलं. पापणी न लववता म्हणाली, "पाहुण्यांनी त्याला बघितलं तर आपलं मोडेल. तुझ्यासाठीच करतेय ना."
मल्हारला पाठीवर घेतलं. बाहेर पडलो. दार ओढून घेतलं.
पायरीवर. रिक्षा येतेय. आतून संहिता हाक मारतेय — इतक्या प्रेमानं कधीच — मल्हारनं माझी मान घट्ट — फक्त एकदाच मागे वळून बघतो —