जोशीकडचा समाचार

सोम., १७ नोव्हेंबर
अभयच्या कारखान्याला सोमवारी सुट्टी, वळिवड्याचं म्युझियम सोमवारी बंद. मुलगा, गाडी आणि म्युझियम यांचा मेळ काही बसत नाही. अंतर केवढं, तर सकाळी निघून जेवायला घरी. पण आईला रिक्षा सोसत नाही, कंबर धरते.

दोष माझाच. गेल्या आठवड्यात तिला पेपर वाचून दाखवताना कॅम्पच्या म्युझियमची बातमी आली. युद्धात रशियानं घरादारातून उचलून सैबेरियात नेऊन टाकलेली पोलंडची माणसं, बरीचशी बायका-पोरं, पुढे आपल्याकडे येऊन राहिली, त्यांचं. अक्काचं (घरात आईला सगळे अक्काच म्हणतात, मीही) माहेर वळिवड्याचं. लहानपणी ती त्या कॅम्पात दूध घालायला जायची, एवढं आम्हाला माहीत. बातमी तिनं दोनदा वाचायला लावली. मग म्हणाली, "मला तिकडं समाचाराला न्या."

समाचार! पेपरात जन्म गेला तरी आईच्या तोंडून हा शब्द ऐकून बरं वाटलं. म्हटलं, म्हातारीला छापून यायचंय.

मंगळ., १८ नोव्हें.
केतनला फोन. रविवारची पुरवणी तोच बघतो. उडालाच. "सर, आजी कॅम्पमध्ये, जुन्या फोटोसमोर उभ्या, जबरदस्त." मजकूर महिनाअखेर हवा. फोटोग्राफर देतो म्हणाला. गुरुवार ठरवला. अभय रजा टाकेल.

मथळासुद्धा रचून ठेवला. जुनी खोड.

गुरु., २० नोव्हें.
गेलो नाही. सकाळी गाडी दारात, फोटोग्राफर येऊन थांबलेला, आणि अक्का खाटेवर पाठ करून बसलेली. आज अमावास्या. काल का नाही सांगितलंस, तर म्हणे, "तू इचारलंस व्हय?"

त्याआधी शैलाशी वाजलं. शै.नं फोटोसाठी मोतिया रंगाची नवी साडी काढली होती. अक्कानं ती बाजूला सारली आणि ट्रंकेतलं विटकं लुगडं मागितलं. शै. म्हणाली, अक्का, पेपरात फोटो येणार आहे, लोक म्हणतील सून बघत नाही. त्यावर, "जोशीकडं जायला जरीकाठ कशाला?"

कोण जोशी? शै. माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. फोटोग्राफर चहा पिऊन गेला. अभयची रजा वाया. त्यानं जाताना दार आपटलं.

शुक्र., २१ नोव्हें.
जोशी पूर्वीही ऐकलेत. "जोशीकडं जायचं ऱ्हायलं" हे ती अधूनमधून म्हणते, पाऊस लागून राहिला की हटकून. आम्ही धरून चाललो होतो की वळिवड्यात कुणी जोशी मास्तर असतील. आज विचारलं तर म्हणाली, जाऊ दे. आणि मग, "तिथं आता घरात कोण आसंल?" म्युझियममध्ये घरात कोण असणार?

डॉक्टरांना विचारायला हवं. ह्या वयात गोंधळ होतो म्हणतात. मला तो शब्द मनातसुद्धा आणायचा नाही.

शनि., २२ नोव्हें.
आजचा दिवस सगळ्यांना सोयीचा होता. अक्काला नाही. शनिवारी जात नाहीत. बुधवारीही नाही. कुठे जात नाहीत, तर जपाची माळ सुरू. सोमवार म्युझियमचा, बुधवार-शनिवार हिचे. केतनचा मेसेज: "सर, काय झालं?" काय झालं ते मलाच कळलं तर कळवीन.

ऐन वेळी बातमी फिरली, पान मोडावं लागलं, मशीन थांबलं, तरी मी कधी आवाज चढवला नव्हता. आज चढला. शै.नं खिडकी लावून घेतली.

मंगळ., २५ नोव्हें.
धाकट्या भावाचा, महावीरचा, इचलकरंजीहून फोन. वहिनीकडून कळलं म्हणे. "अण्णा, तू नुसताच घोळ घालतोयस. मी बघतो." त्याच्याकडे मोठी गाडी आहे, मागांवर माणसं आहेत, घोळ निस्तरायची सवय आहे. येत्या रविवारी यायचा आहे. अक्कानं रविवारला मान डोलावली. इतकं सोपं होतं तर.

शनि., २९ नोव्हें.
लिहून काढतो, नाहीतर झोप लागायची नाही.

संध्याकाळी महावीर बायकोसह मुक्कामाला आला. उद्याचा बेत हातवारे करून सांगत होता. सकाळी कॅम्प उरकायचा, तिथून तसंच कुंभोजला, बाहुबलीचं दर्शन, वरती जेवण, येताना उसाच्या ट्रॉल्या टाळून आडवाटेनं परत. त्याच्या बायकोनं म्युझियमवाल्यांसाठी पेढ्यांचा बॉक्स आणलेला. शै.ला वाटेत खायला धपाटे करू का हा प्रश्न. घर लग्नघरासारखं.

अक्का भिंतीला टेकून ऐकत होती. म्हणाली, "समाचाराला जाऊन कोण देवाला जातं व्हय रे?"

तिनं बोट बॉक्सकडे केलं.

"आन् पेढं? मेल्याच्या घरात पेढं न्हेत्यात?"

मी पेपरातला माणूस, मला समाचार म्हणजे बातमी. ती तिच्या भाषेत सरळ सांगत होती. कुणाचं माणूस गेलं की समाचाराला जायचं असतं. विटकं लुगडं नेसून, हात हलवत, बुधवार-शनिवार-अमावास्या टाळून. तिथे खायचं नाही, निघताना "येतो" म्हणायचं नाही, वाटेत कुठे टेकायचं नाही, घरी येऊन आंघोळ. सगळं बरोबर होतं तिचं. चुकत आम्ही होतो.

महावीर म्हणाला, अगं पण मेलंय कोण? मग तिनं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही शेंगा सोलता सोलता.

कॅम्पात तिच्याच वयाची एक पोरगी होती. आईबरोबर आलेली, बाप लढाईवर. दुधाच्या घागरीला हात लावायची, अक्काबरोबर गोठ्यापर्यंत यायची. नाव जोशी. (पोलंडची पोरगी, जोशी! महावीर हसला.) आमचं बोलणं बऱ्यापैकी शिकली होती. एके दिवशी दूध न्यायची वेळ नसताना आली आणि गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली. अक्काच्या आईनं विचारलं, काय गं? तर म्हणाली, "बा न्हाय."

आधी वाटलं, बा घरात नाही. तो तर कधीच नव्हता. मग कळलं.

अक्काची आई म्हणाली, तिच्या आईकडे समाचाराला जाऊन येऊ, पण वार बघून. त्या आठवड्यात वार नव्हता. पुढे घरात ताप, मग भातकापणी. मग एक दिवस कॅम्पातलं सामान स्टेशनकडे निघालेलं बघितलं.

"मायनं वार बघितला," अक्का म्हणाली. "गावला न्हाय."

माझ्या तोंडावर आलं होतं की मग तू आता तेच करतेयस. गिळलं.

रवि., ३० नोव्हें.
आज जायचं होतं. पहाटे अक्का उठली तर दोन्ही पाय सुजलेले, चप्पल चढेना. महावीरनं उचलून गाडीत ठेवतो म्हटलं. ती म्हणाली, मी काय पोतं न्हाय. महावीर दुपारी परत गेला. पेढ्यांचा बॉक्स इथेच आहे, कुणी उघडत नाही.

केतनला सांगितलं, मजकूर येत नाही. तो म्हणाला, सर, आता तर खरी स्टोरी झाली! पुढच्या रविवारी जागा ठेवतो. नको म्हणायला हवं होतं. बघू म्हणालो.

मंगळ., २ डिसेंबर
डॉक्टर येऊन गेले. पाणी साठतंय. औषध बदललं, आराम सांगितला. किती दिवस, विचारलं तर मला दाराबाहेर नेऊन म्हणाले, जे काही राहिलंय ते फार लांबवू नका, पण दगदगही नको. दोन्ही एकदम कसं करायचं ते सांगितलं नाही.

म्युझियममध्ये फोन लावला. तिथल्या माणसाचा आवाज मोठा, मनमोकळा. "बोला पावणं." जोशी नावाच्या पोलंडच्या मुलीबद्दल विचारलं. तो म्हणाला, "झोशा आसंल. झोफिया नावाच्या पोरीला घरात झोशा म्हणत्यात. पर आडनाव काय?" आडनाव माहीत नाही. "मग आवघड हाय की. फोटोत लई झोशा हायत."

अक्काला सांगितलं. झोशा हा शब्द तिनं दोनदा म्हणून बघितला. म्हणाली, व्हय, आसंच म्हणायची ती, आमाला जमलं न्हाय.

मी म्हटलं, शुक्रवारी बघू. पाय उतरतील, वारही बरा आहे, अभयला विचारतो.

"उद्या चल."

"अक्का, उद्या बुधवार."

"ठावं हाय मला."

शै.नं माझ्याकडे न बघता विटकं लुगडं खाली काढलं आणि उशाशी ठेवलं. अभय फोनवर म्हणाला, सुपरवायझरशी बोलतो, नक्की नाही सांगत. न जमलं तर रिक्षा, मांडीखाली गादी घालून. शै.चं म्हणणं, सकाळी पाय बघून ठरवू. तेही खरं.

जेवण झाल्यावर पाय दाबत होतो. अंगठा रुतवला की खड्डा पडतो, भरून यायला वेळ लागतो. ती डोळे मिटून होती. मला वाटलं झोपली.

"बाळू, तिथं कुणाजवळ बसायचं रं?"

समाचाराला गेल्यावर ज्याचं माणूस गेलं त्याच्याजवळ बसायचं असतं. काही बोलायचं नसतं, नुसतं बसायचं. भिंतीवर फोटो असतील, म्हणालो. ती म्हणाली, भिंतीजवळ कसं बसायचं?

उठून त्या माणसाला परत फोन केला. अवेळी केला म्हणून माफी मागितली. म्हटलं, आई नव्वदीची आहे, सकाळी आणायचा विचार आहे, जमलं तर. उभं राहता येत नाही, बसायला काही मिळेल का?

"मिळंल की. खुर्च्या किती ठिवू?"

दोन सांगितल्या. समोरासमोर.