कुवेतचा बटणांचा फोन

बाबा, कुवेतहून मी आणलेला तो बटणांचा फोन तुम्हाला पहिल्या दिवशीच नको होता, हे मला माहीत आहे. सारी नोकरी तुम्ही टेलिफोन खात्यात काढली. धरमपेठेत कोणाकडे परदेशी फोन जोडलेला दिसला की काढायला लावायचे, मग समोरचा कितीही मोठा असो. आणि मी, तुमचाच पोरगा, सुटीत घरी आलो तो तसलाच खोका काखेत मारून! "काहून आणलं गा हे? बाहेरदेशचा फोन आपल्या लाइनवर लावायची मनाई हाये, तुले मालूम नाही?" तुम्ही असे खवळले की माझं तोंडच उतरलं. जेवून उठतो तर काय, तुम्हीच पेचकस घेऊन बसलेले. खात्याचा काळा डायलचा फोन माळ्यावर गेला, माझा टेबलावर आला.

घंटी वाजायची, बोलणं ऐकू यायचं. इथून नंबर मात्र लागायचा नाही. आपलं एक्स्चेंज डायलचे ठोके मोजणारं, बटणांचे सूर त्याला कुठले कळायला! तुम्ही रिसीव्हर उचलता आणि तो ठेवायच्या जागेचा खटका बोटाने दाबत राहता. चारासाठी चारदा, शून्यासाठी दहादा. लागतो नंबर. आई हसते, "इतकी मस्त बटणं हायेत, तं हे काहून टकटक करून राहिले!" तिला वाटलं, तुमची जुनी खोड. तुम्ही तिला खरं सांगितलं नाही, तिचे नंबरही तुम्हीच लावून द्यायचे. माझा मान राखला.

मी कुवेतला परतलो. उन्हाळ्यातल्या एका दुपारी तुमच्या छातीत दुखायला लागलं, वाचा बंद झाली. आईने डॉक्टरांचा नंबर तीनदा दाबला. फोन नुसता पीं पीं करत राहिला. शेवटी ती अनवाणीच डॉक्टरांकडे धावली. त्यांना घेऊन आली तेव्हा तुम्ही गेलेले होते.

इतकी वर्षं झाली, तरी ती म्हणते, "माही बोटं थरथरून राहिली होती गा. माह्याच हातून नंबर चुकला." मी दर वेळी म्हणतो, जाऊ दे ना आई. त्या फोनवरून नंबर लागलाच नसता, हे सांगत नाही. सांगितलं तर ती विचारेल, तुले मालूम होतं का?

होतं, बाबा. तिसऱ्या दिवशी तुमची टकटक पाहिली तेव्हाच कळलं होतं. पण माझा फोन टेबलावर मिरवत होता, आणि मला त्यातच धन्यता वाटत होती. लाज वाटते आता. आज तिला सांगायचंच म्हणून उठलो. ती स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. तिथपर्यंत गेलो, पाणी प्यालो, आणि परत येऊन तुम्हाला लिहायला बसलो.